बायबलमधली नीतिसूत्रे वाचतो, पण दुकानात आठवत नाहीत

इंदूरचा दुकानदार: सकाळी एक अध्याय वाचतो, दुपारपर्यंत सगळं विसरतो. काय करावं?

उत्तर: 31 अध्याय म्हणून लोक तारखेप्रमाणे वाचतात, घात तिथेच होतो. 1 ते 9 सलग उपदेश आहे, सलगच वाचा. 10 पासून बहुतेक वचनं सुटी. रोज एकच वचन चिठ्ठीवर लिहून गल्ल्यात ठेवा. 11:1 (अध्याय 11, वचन 1) खोट्या तराजूबद्दल आहे, ते काट्याशेजारीच शोभेल!

दुसरं उत्तर: आधी बायबलमधल्याच याकोबाच्या पत्रातल्या 1:5 प्रमाणे देवाकडे बुद्धी मागा. कुणी जामीन राहायला गळ घातली तर लगेच सही नको. 'उद्या सांगतो' म्हणा, रात्री नीतिसूत्रे 6:1-5 वाचा.

दुकानदार: मालवाल्यालाही 'उद्या'च सांगतो!

उत्तर: ते नाही चालणार. पैसे हाताशी असतील तर 3:28 बघा, आजच द्या.