लघुग्रहांना हयात माणसांची नावं द्यावीत का?

निरभ्र

राजकारणी किंवा लष्करी व्यक्तीचं नाव लघुग्रहाला द्यायचं, तर तिच्या मृत्यूला आधी शंभर वर्षं उलटावी लागतात. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेचा हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. मग तो राजकारण्यांपुरताच का? गायक, खेळाडू, देणगीदार, शोधकाचे नातेवाईक यांना ही अट का नाही? माझं मत सरळ आहे: हयात माणसाचं नाव कुठल्याच लघुग्रहाला देऊ नये, आणि मृत्यूनंतरही शंभर वर्षं थांबावं.

हा वाद अगदी पहिल्या लघुग्रहापासूनचा आहे. १ जानेवारी १८०१ रोजी पालेर्मोहून जुझेप्पे पियाझ्झीला सेरेस दिसला (आज त्याची गणना बटुग्रहांत होते). त्याने ठेवलेलं पूर्ण नाव होतं 'सेरेस फर्डिनांडेआ'. सेरेस ही रोमन धान्यदेवता आणि फर्डिनांड हा सिसिलीचा राजा. बाकीच्या युरोपने देवता ठेवली, राजा गाळला. १८५० मध्ये इंग्रज खगोलशास्त्रज्ञ हिंडने लंडनहून बारावा लघुग्रह शोधला आणि नाव दिलं 'व्हिक्टोरिया'. राणी तेव्हा गादीवर होती. अमेरिकेतल्या काही खगोलशास्त्रज्ञांनी हरकत घेतली आणि त्याला 'क्लिओ' म्हणायला सुरुवात केली. हिंडला खुलासा करावा लागला, की व्हिक्टोरिया ही विजयाची रोमन देवतासुद्धा आहे. निदान तेवढा आडपडदा तरी होता. १८५७ मध्ये तोही गेला: ४५वा लघुग्रह 'युजेनिया', फ्रान्सच्या सम्राज्ञीच्या नावाने, तिच्या हयातीत.

पुढचं पाऊल अपेक्षितच होतं. १८८५ मध्ये व्हिएन्नाच्या योहान पालिसाने सूर्यग्रहणाच्या मोहिमेसाठी पैसे हवेत म्हणून एका लघुग्रहाच्या नामकरणाचा हक्क ५० पौंडांना विकायला काढला. रोथशिल्ड घराण्यातल्या आल्बर्टने तो घेतला आणि बायकोचं नाव दिलं. आज तो '२५० बेटिना' आहे. पालिसा माझ्या लेखी थोर निरीक्षक. नुसतं दुर्बिणीला डोळा लावून त्याने शंभरहून अधिक लघुग्रह शोधले. तरीही हे वाचून वाईट वाटतं.

---

वेधकर्ता

निरभ्र, इतिहास तुम्ही बरोबर मांडलात, पण निष्कर्ष मला मान्य नाही.

मी हौशी निरीक्षक आहे. मोठ्या दुर्बिणीने थोड्या थोड्या वेळाने घेतलेल्या चार प्रतिमा आम्हाला मिळतात. त्या एकापाठोपाठ एक डोळ्यांपुढून न्यायच्या. तारे जागचे हलत नाहीत, आणि एखादा फिकट ठिपका मात्र चारही प्रतिमांत थोडा थोडा सरकलेला दिसतो. बहुतेक वेळा तो आधीच माहीत असलेला लघुग्रह निघतो, किंवा नुसता कॅमेऱ्यातला दोष. कधीतरी नवा असतो. मग लघुग्रहांच्या नोंदी ठेवणाऱ्या मायनर प्लॅनेट सेंटरकडून तात्पुरतं पदनाम मिळतं. पुढे अनेक प्रतियुतींमध्ये (म्हणजे तो आकाशात सूर्याच्या विरुद्ध बाजूला येतो तेव्हा) त्याचे वेध मिळून कक्षा पक्की झाली, की क्रमांक मिळतो, आणि तेव्हा कुठे नाव सुचवण्याचा हक्क येतो. तो दहा वर्षं टिकतो.

या कामाला पगार नाही, बढती नाही. कितीतरी रात्री जागल्यावर हातात येते ती एकच गोष्ट: एक नाव. मला हक्क मिळाला तर मी माझ्या भौतिकशास्त्राच्या सरांचं नाव सुचवणार आहे. ते आज ऐंशीच्या पुढे आहेत. तुमच्या नियमाने त्यांना ते कधीच कळणार नाही. ज्याला धन्यवाद द्यायचे, त्याच्या कानावर ते पडूच नयेत, असा नियम मला निष्ठुर वाटतो.

---

पंधरवडा

मला तर नावंच नकोत. 😊 पदनाम किती सुंदर असतं ते बघा. '२०२४ वायआर४' घ्या. साल २०२४. वर्षाचे चोवीस पंधरवडे, प्रत्येकाला इंग्रजी वर्णमालेतलं एक अक्षर. 'वाय' म्हणजे डिसेंबरचा दुसरा पंधरवडा. पुढचं 'आर४' म्हणजे त्या पंधरवड्यातली ११७वी नोंद ('आय' हे अक्षर गाळतात, म्हणून २५ अक्षरांचं एक आवर्तन, अशी चार पूर्ण आवर्तनं आणि वर सतरावं अक्षर). नाव सांगतं कुणाला कोण आवडत होतं. पदनाम सांगतं ही वस्तू माणसाला केव्हा दिसली.

शिवाय क्रमांक मिळालेले लघुग्रह सात लाखांच्या वर आहेत आणि नाव मिळालेले साधारण पंचवीस हजार. बाकीच्यांचं कुठे काय अडलंय?

---

मृगनक्षत्र

@पंधरवडा, हिशोब आवडला. पण आठवणीत काय राहतं? 'अपोफिस' १३ एप्रिल २०२९ रोजी पृथ्वीजवळून जाणार हे लोकांच्या लक्षात राहतं, कारण त्याला इजिप्तच्या त्या अंधाराच्या सर्पाचं नाव आहे. '२००४ एमएन४' या त्याच्या जुन्या पदनामाने किती जणांना तो आठवेल?

@निरभ्र, मी तुमच्या बाजूने आहे, पण माझं कारण वेगळं आहे. माणूस जिवंत आहे की नाही, हा माझ्यासाठी मुद्दाच नाही. नाव शोधकाच्या खासगी आवडीवर सोडलेलं असतं, खरी अडचण तिथे आहे. १९७१ मध्ये सापडलेला '२३०९ मिस्टर स्पॉक' शोधकाच्या मांजराच्या नावाने आहे, आणि मांजराचं नाव 'स्टार ट्रेक' मालिकेतल्या पात्रावरून. तो प्रकार झाल्यावर संघटनेने पाळीव प्राण्यांची नावं नकोत असं सांगितलं. बरं केलं.

मला पुराणकथांची शिस्त आवडते. गुरूच्या कक्षेतल्या मोठ्या ट्रोजन लघुग्रहांना ट्रॉयच्या युद्धातल्या वीरांची नावं. गुरूच्या पुढे चालणारे ग्रीक छावणीचे, मागून येणारे ट्रॉयच्या छावणीचे. ही पद्धत रुळायच्या आधीच दोन नावं पडून गेली होती, म्हणून हेक्टर ग्रीकांत अडकला आहे आणि पॅट्रोक्लस ट्रॉयच्या लोकांत. शत्रूच्या गोटात सापडलेले ते दोघे बघितले, की मला ती अख्खी कथा पुन्हा आठवते. कुठल्या देणगीदाराच्या नावाने हे होईल?

---

कोरा कागद

मृगनक्षत्र, पुराणकथाही कुणाच्या तरीच असतात ना. पहिल्या शतकभरात आकाश ग्रीक आणि रोमन देवींनी भरून गेलं, कारण शोधक तेच वाचून मोठे झाले होते. नाव स्त्रीलिंगीच हवं असा तेव्हाचा आग्रहही आठवा. 'ब्रूसिया' ही दुर्बिणींसाठी देणगी देणारी कॅथरीन ब्रूस. तिथे काही बिघडत नाही. पण जर्मन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हुम्बोल्टचा सन्मान करायचा म्हणून लघुग्रहाला 'अलेक्झांड्रा' म्हणावं लागलं! १८९८ मध्ये 'एरॉस' सापडला, त्याची कक्षा जगावेगळी निघाली, आणि तेव्हा पुरुषी नावाला वाट मिळाली.

आता चित्र बदलतंय, आणि मला मनापासून आनंद होतो. नेपच्यूनपलीकडच्या पिंडांत हवाईची हाउमेआ आहे, ईस्टर बेटाचा माकेमाके आहे, आपला वरुण आहे. २०२३ मध्ये ल्युसी यान ज्या लघुग्रहाजवळून गेलं तो 'दिन्किनेश'. इथिओपियात सापडलेल्या ज्या आदिमानव सांगाड्याला जग ल्युसी म्हणतं, तिचं हे अम्हारिक नाव. यानाच्या नावातच तिची आठवण होती. तिचं तिच्या मातीतलं नाव आता त्या दगडाला मिळालं.

---

सारिका_

एक व्यावहारिक गोष्ट, कारण ५० पौंडांचा किस्सा वाचून गैरसमज नको. आज लघुग्रहाचं नाव विकत मिळत नाही. व्यापारी स्वरूपाची नावं नियमातच बसत नाहीत. प्रस्ताव शोधकाकडून जातो, सोबत थोडक्यात कारण लिहावं लागतं, आणि संघटनेचा कार्यगट ते तपासतो. नाव १६ अक्षरांच्या आत, शक्यतो एका शब्दाचं, उच्चारता येण्याजोगं, कुणाला न दुखावणारं आणि आधीच्या नावांशी फार साम्य नसलेलं हवं.

हे लिहायचं कारण म्हणजे माझ्या मावसबहिणीने वडिलांच्या आठवणीसाठी पैसे भरून असं एक 'नामकरण प्रमाणपत्र' घेतलं होतं. सुंदर छापलेलं, चौकटीत बसवलेलं. ते कुठल्याही अधिकृत यादीत नाही हे तिला मला सांगावं लागलं. ती गप्प बसली आणि तिने चौकट भिंतीवरून उतरवली. दुःखात असलेल्या माणसाला असं फसवणं मला सहन होत नाही. कृपया कुणी घेऊ नका.

---

निरभ्र

सारिका, हे इथे लिहिलंत, बरं झालं.

वेधकर्ता, तुमच्या सरांबद्दल वाचून मी थांबलो. तरी माझी भीती सांगतो. जिवंत माणसाची गोष्ट अजून संपलेली नसते. १९२० मध्ये पालिसानेच शोधलेला एक लघुग्रह 'हूव्हेरिया' झाला, महायुद्धानंतर ऑस्ट्रियाला अन्न पोचवल्याबद्दल हर्बर्ट हूव्हरविषयीच्या कृतज्ञतेपोटी. तेव्हा भावना खरीच होती. पुढे तोच माणूस महामंदीच्या काळातला अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष म्हणून ओळखला गेला. लेनिनच्या नावाचा 'व्लादिलेना' आहे, त्याबद्दल तर दोन देशांत दोन मतं मिळतील. नाव मात्र तेच राहतं.

---

वेधकर्ता

हूव्हेरियाचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे! ते नाव हूव्हरचं अख्खं आयुष्य तोलण्यासाठी ठेवलंच नव्हतं. उपाशी शहराला कुणी खायला दिलं, त्याची ती आठवण आहे. महामंदीने ती खोटी ठरत नाही.

आणि शंभर वर्षांच्या अटीचा अर्थ नीट बघू. कोलंबिया यान १ फेब्रुवारी २००३ रोजी कोसळलं. त्याच वर्षी सातही अंतराळवीरांची नावं ओळीने सात लघुग्रहांना दिली, ५१८२३ ते ५१८२९. त्यातला ५१८२६ 'कल्पनाचावला'. तुमच्या नियमाने ही नावं २१०३ मध्ये आली असती. त्यांच्या आईवडिलांपैकी, मुलांपैकी ती कुणी पाहिली असती?

---

निरभ्र

हे मान्य. शंभर वर्षांची अट मी मागे घेतो. मृत्यूनंतर लगेच द्या, त्याला माझी ना नाही. हयात असताना नको, यावर मात्र ठाम आहे.

---

तानपुरा

मग '३००१२८ पंडितजसराज'चं काय? जन्म २८ जानेवारी १९३०. तारीख उलट क्रमाने, म्हणजे वर्ष, महिना, दिवस अशी वाचा, क्रमांक हाच येतो. २०१९ मध्ये नाव जाहीर झालं तेव्हा पंडितजी होते. पुढच्या ऑगस्टमध्ये गेले. तो क्रमांक शोधून काढणाऱ्याने किती प्रेमाने शोधला असेल! एक वर्ष उशीर झाला असता तर हा आनंद त्यांच्यापर्यंत पोचला नसता. विश्वनाथन आनंदच्या नावाचा '४५३८ विश्यानंद'ही आहेच, आणि आनंद अजून खेळतोय.

---

कोरा कागद

विद्यार्थ्यांचाही विचार करा. अमेरिकेतल्या लिनिअर या शोधमोहिमेने आपल्या लघुग्रहांना विज्ञान स्पर्धांत चमकलेल्या शाळकरी मुलांची आणि त्यांच्या शिक्षकांची नावं दिली आहेत. ती मुलं पुढे संशोधक होतील, न होतील. पण सोळाव्या वर्षी आपलं नाव सूर्याभोवती फिरतंय हे कळणं ही केवढी मोठी शाबासकी! निरभ्र, यांना मरेपर्यंत थांबा म्हणणार का?

---

निरभ्र

विद्यार्थ्यांच्या बाबतीत माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. तानपुरा, तुमच्या उदाहरणाने मीही हललो. तरीही माझा विरोध कायम आहे, कारण मला सन्मानापेक्षा स्पर्धेची भीती जास्त वाटते. आज शाळकरी मूल, उद्या मोठ्या माणसांच्या शिफारशी. कार्यगटावर तो दबाव येऊ नये, म्हणून रेषा सरळ आणि कडक हवी. राजकारण्यांसाठी शंभर वर्षं नेमकी याचसाठी ठेवली असावीत असं मला वाटतं.

---

मृगनक्षत्र

मी आधी खासगी आवडीला नावं ठेवली होती. त्याला छेद देणारी एक गोष्ट मलाच आठवली, ती प्रामाणिकपणे इथे ठेवते.

गुस्ताव श्ट्राके हे जर्मन खगोलशास्त्रज्ञ, लघुग्रहांच्या कक्षांचं गणित करणारे. आपलं नाव कुठल्याही लघुग्रहाला देऊ नका, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. लघुग्रह शोधणाऱ्या कार्ल राइनमुटने ती विनंती मोडली नाही. १२२७ ते १२३४ या आठ लघुग्रहांना त्याने वनस्पतींची नावं दिली: जेरानियम, स्कॅबिओसा, टिलिया, रिचिया, ऑरिक्युला, कोर्टुसा, कोब्रेसिया, एलिना. रोमन लिपीत त्यांची पहिली अक्षरं ओळीने लावली, की 'जी. श्ट्राके' असं वाचता येतं.

शोधकाला आवड-निवड नसती तर हे घडलं नसतं. मृत्यूची अट असती तरी घडलं नसतं. ते तेव्हा हयात होते.

---

पंधरवडा

हे माहीत नव्हतं. पदनामांवरचं माझं प्रेम तसंच आहे, पण ही आठ नावं मी वहीत उतरवून घेतली.

---

निरभ्र

मृगनक्षत्र, इथे मला माझ्या प्रश्नाचा दुसरा भाग दिसतो, जो मी मांडलाच नव्हता: संमती. श्ट्राकेंनी नको म्हटलं, आणि राइनमुटने ते ऐकलं. हयात व्यक्तीला आधी विचारलंच पाहिजे, असं बंधन असेल तर माझा विरोध निम्मा होईल. वेधकर्ता, तुम्ही सरांना विचारलंय का?

---

वेधकर्ता

नाही. अजून क्रमांकच नाही. माझा ठिपका दोन प्रतियुतींत दिसला, तिसऱ्या वेळी आकाशगंगेच्या दाटीत सापडला नाही. पुढची संधी साधारण सव्वा वर्षाने. कक्षा पक्की होईपर्यंत सरांपाशी विषय काढणार नाही, उगाच आशा लावायला नको. क्रमांक आला की आधी त्यांना विचारेन, मग प्रस्ताव लिहीन. ही तुमची अट मी स्वतःला लावून घेतो.