कॉलम चार्टमधले अर्धे कॉलम दिसतच नाहीयेत, नक्की काय तपासू?

धागाकर्ती:
मंडळी, दोन दिवस झाले एका साध्या कॉलम चार्टवर अडकलेय, कुणीतरी वाट दाखवा. ओरिजिन हे ग्राफ काढायचं सॉफ्टवेअर वापरतेय. एन्झाइमच्या प्रयोगाचा डेटा आहे, इनहिबिटरची (एन्झाइमचं काम रोखणाऱ्या रसायनाची) सात काँसंट्रेशन्स: ०, ०.१, ०.५, १, ५, १० आणि १०० मायक्रोमोलर, प्रत्येकाची तीन रीडिंग्ज, त्यांची सरासरी आणि स्टँडर्ड डिव्हिएशन (रीडिंग्ज किती पसरलीत त्याचं माप). म्हणजे सात कॉलम दिसायला हवेत ना? तर डावीकडे वाय अक्षाला चिकटून एक जाडसर काळी रेघ दिसते, तिच्या शेजारी सुईसारख्या दोन रेघा, आणि उजवीकडे १०० पर्यंत सगळं रिकामं मैदान. कॉलमची रुंदी वाढवायचा पर्याय शोधून गॅप शून्य केला तरी सुई ती सुईच. रंग बदलले, बॉर्डर काढली, नवीन ग्राफ केला, काही फरक नाही. सॉफ्टवेअर परत इन्स्टॉल करू का? की दुसरं काहीतरी घेऊ? पेपरची आकृती आहे आणि वेळ कमी आहे.

प्रतिसाद १:
इन्स्टॉल करू नका, त्याने काही होणार नाही. शीटमधला तुमचा एक्सचा कॉलम आकडे म्हणून वाचला जातोय आणि ते बरोबरच आहे, १०० हा १०० च्या जागी बसणार आणि ०.१ हा ०.१ च्या जागी. आता हिशोब करून बघा: अक्ष १२ सेंटिमीटर धरला तर १ मायक्रोमोलरचा कॉलम डावीकडून जेमतेम १.२ मिलिमीटरवर येतो, म्हणजे ०, ०.१, ०.५ आणि १ हे चारही तेवढ्याशा जागेत कोंबलेत, तीच तुमची जाडसर काळी रेघ. आणि रुंदीचं म्हणाल तर आकडी अक्षावर ती बहुतेक वेळा एक्समधल्या सगळ्यात लहान अंतरावरून ठरते, कारण शेजारचे दोन कॉलम एकमेकांवर चढू नयेत. तुमचं लहानात लहान अंतर ०.१, म्हणजे त्या १२ सेंटिमीटरमधलं ०.१२ मिलिमीटर. गॅप शून्य करूनही कॉलम त्यापेक्षा रुंद होणार कसा!
उपाय सोपा आहे, एक्सच्या कॉलमवर राइट क्लिक करून 'सेट ॲज कॅटेगॉरिकल' करा. मग काँसंट्रेशन ही फक्त नावं होतात आणि सातही एकसारख्या अंतरावर बसतात. त्यानंतर ग्राफवर डबल क्लिक करून प्लॉट डिटेल्समधल्या स्पेसिंगमधे गॅप हवा तेवढा ठेवा, आता तो ऐकेल.

धागाकर्ती:
झालं!! म्हणजे अर्धं झालं. आता सात जागा दिसतायत पण कॉलम पाचच आहेत, १ ची आणि १०० ची जागा रिकामी. शिवाय १० चा कॉलम एकदम चपटा, पट्टीसारखा, त्याचं मूल्य २.१ आहे आणि ५ चं ४.३, म्हणजे निम्मा तरी उंच दिसायला हवा होता. आणि प्रत्येक कॉलमच्या शेजारी आणखी एका कॉलमएवढी जागा सुटलीये ती कुठून आली कळत नाही.

प्रतिसाद २:
शेजारच्या जागा तुमच्या स्टँडर्ड डिव्हिएशनच्या. तो कॉलम शीटमधे साधा वाय म्हणून आहे, त्याला वाय एरर करा आणि ग्राफ परत काढा, एरर बार (पसारा दाखवणारी उभी रेघ) होऊन कॉलमच्या वर बसेल.
रिकाम्या जागांसाठी ग्राफ बंद करा आणि फक्त शीट बघा. आकडे सेलमधे उजवीकडे चिकटतात, मजकूर डावीकडे. १ आणि १०० च्या ओळीत काय दिसतंय सांगा.

धागाकर्ती:
दोन्ही डावीकडे आहेत! १ च्या पुढे ६,९ आहे, पॉइंटच्या जागी कॉमा. ही फाइल सहकाऱ्याच्या मशीनवर भरली होती, तिथली रीजनल सेटिंग वेगळी असणार. आणि १०० च्या पुढे <०.०५ असं आहे, ते इन्स्ट्रुमेंटनेच तसं दिलंय. याच्या आधी शंभर वेळा बघितली असेल ही शीट पण डोळे नुसते आकड्यांवरून फिरत होते.

प्रतिसाद २:
हे सगळ्यांचंच होतं कारण आपण वाचताना अर्थ वाचतो आणि सॉफ्टवेअर अक्षरं वाचतं. कॉमा बदलून टाका पण हाताने एकच सेल सुधारून थांबू नका, तीन मूळ रीडिंग्जच्या ओळीसुद्धा तपासा. तिथे एखादं रीडिंग मजकूर म्हणून पडलं असेल तर सरासरी दोनाचीच निघते आणि ग्राफ मात्र एकदम छान दिसतो. मला वाटतं गायब कॉलमपेक्षा हे जास्त धोक्याचं आहे, गायब झालेला निदान कळतो तरी. आकड्यामागची स्पेस, सेलमधेच लिहिलेलं एकक, हेही असंच मजकूर करून टाकतात.

प्रतिसाद ३:
<०.०५ बद्दल कळकळीने सांगतो, तिथे ० टाकू नका. ते डिटेक्शन लिमिटच्या, म्हणजे इन्स्ट्रुमेंटला ओळखता येणाऱ्या किमान मूल्याच्या खाली आहे, शून्य आहे असं कुणी मोजलेलं नाही. ०.०५ टाकलं तरी खोटंच, कारण मग ते मोजलेलं मूल्य वाटतं. जागा रिकामी ठेवा, तिथे 'लिमिटखाली' असं छोटं लिहा आणि लिमिट किती ते आकृतीखालच्या मजकुरात द्या. पेपर तपासणारे रिव्ह्यूअर हमखास हे विचारतात.
चपट्या कॉलमचं म्हणजे तुमचा वाय अक्ष शून्यापासून सुरू होत नसणार. कितीपासून आहे?

धागाकर्ती:
२ पासून! आधीच्या एका रेषांच्या ग्राफचा टेम्प्लेट वापरला होता, तिथली रेंज तशीच आली.

प्रतिसाद ३:
मग तेच. ४.३ चा कॉलम २.३ उंच दिसतो आणि २.१ चा ०.१ उंच, म्हणजे दुपटीचा फरक तेवीसपट झाला. रेषेच्या ग्राफमधे अक्ष कुठूनही सुरू केला तर चालतो, तिथे आपण चढउतार बघतो, पण कॉलममधे डोळा लांबी मोजतो, म्हणून तळ शून्यच हवा. ग्नूप्लॉट या ग्राफच्या प्रोग्रॅममधे बॉक्सेस (तिथले कॉलम) काढणाऱ्यांनाही हेच सांगतो: रेंज ऑटोवर सोडली तर सगळ्यात लहान मूल्यापाशीच तळ येऊन तो बॉक्स नाहीसा होऊ शकतो, वायची रेंज खाली शून्याला बांधा आणि वरचं टोक मोकळं ठेवा. आणखी एक, तिथे रुंदी दिली नसेल तर बॉक्स शेजारच्याला टेकेपर्यंत पसरतो, त्यामुळे असमान काँसंट्रेशनला कॉलम जाडबारीक येतात.

प्रतिसाद ४:
मी मॅटप्लॉटलिबवाला (पायथनमधली ग्राफ काढायची लायब्ररी), तिकडचं थोडं लिहितो म्हणजे पुढे कुणाला लागलं तर सापडेल. तिथे बारची रुंदी काही सांगितलं नाही तर ०.८ असते आणि ती अक्षाच्याच एककात मोजली जाते. एक्सवर तारखा असतील तर एकक दिवस, म्हणजे दर तासाचा डेटा असेल तर प्रत्येक बार एकोणीस तासांहून रुंद, सगळे एकमेकांवर चढून एक ठोकळा होतो, आणि महिन्याला एक बार असेल तर उलट काड्या. मी यावर एक अख्खी संध्याकाळ घालवली होती, रंगांचा दोष समजून. तासाच्या डेटाला ०.०३ च्या आसपास रुंदी द्या, एक तास म्हणजे दिवसाचा २४ वा भाग, साधारण ०.०४२.
आणि वायची मूल्यं फाइलमधून मजकूर म्हणून आली असतील तर तिथे बार गायब होत नाहीत, वाय अक्षच नावांचा होतो, आकडे फाइलमधे ज्या क्रमाने आले त्या क्रमाने वर चढतात. अक्षावर ८.४ च्या वर ४.३ दिसलं की समजायचं.

धागाकर्ती:
सगळं बसलं, सहा कॉलम आणि एक रिकामी जागा. एक विचारू का, कॅटेगॉरिकल केल्यावर ५ ते १० आणि १० ते १०० सारख्याच अंतरावर दिसतंय, ते चालेल का? त्यापेक्षा एक्स अक्ष लॉग केला (दर दहापटीला सारखं अंतर) तर?

प्रतिसाद १:
लॉगवर ० काँसंट्रेशनला जागाच नाही, तुमचा कंट्रोलच, म्हणजे इनहिबिटर नसलेला नमुनाच उडेल. तुलना एवढंच सांगायचं असेल तर कॅटेगॉरिकल ठीक आहे, एककासकट लेबलं स्पष्ट लिहा. डोस वाढला की ॲक्टिव्हिटी कशी उतरते ते दाखवायचं असेल तर कॉलम सोडा, ठिपके घ्या, एक्स लॉग करा आणि कंट्रोल डावीकडे अक्ष तोडून वेगळा दाखवा. वाय मात्र कॉलम असताना लॉग करू नका, लॉगला शून्य नसल्यामुळे तळ आपण ठरवू तिथे जातो आणि त्याबरोबर उंचीचं प्रमाणही.

प्रतिसाद ३:
तीनच रीडिंग्ज आहेत ना, मग कॉलमवर तीन ठिपके पण टाका. २०१५ साली प्लॉस बायॉलॉजीत यावर लेख आला होता, अगदी वेगवेगळ्या पसरलेल्या डेटांचे कॉलम हुबेहूब सारखे दिसू शकतात हे त्यात दाखवलं होतं. तीन आकडे लपवायचं काहीच कारण नाही.

धागाकर्ती:
ठिपके टाकले आणि ते खरंच हवे होते, ०.५ चं एक रीडिंग बाकी दोघांपासून बरंच लांब आहे, आता वहीत जाऊन बघते त्या दिवशी काय झालं होतं. शेवटचं, आकृतीची ईपीएस फाइल काढल्यावर अर्धपारदर्शक कॉलम ठार अपारदर्शक झालेत आणि मागचे ठिपके दिसत नाहीयेत.

प्रतिसाद ४:
ईपीएसमधे पारदर्शकता नसतेच. पीडीएफ काढा, किंवा ईपीएसच मागितलं असेल तर पारदर्शकता काढून फिकट रंग घ्या आणि ठिपके कॉलमच्या पुढे आणा. पीडीएफमधे चिकटून असलेल्या कॉलममधे बारीक पांढऱ्या रेघा दिसल्या तर घाबरू नका, झूम करून बघा, झूमबरोबर कमीजास्त झाल्या तर त्या फाइलमधल्या नाहीत, बघायच्या प्रोग्रॅमच्या आहेत. बॉर्डरला कॉलमचाच रंग दिला की जातात.

धागाकर्ती:
पीडीएफ निघाली, सगळे ठिपके दिसतायत. ०.५ चं वहीत सापडलं, त्या ट्यूबच्या पुढे 'बुडबुडा' असं मीच लिहून ठेवलंय. ती परत लावते आणि मगच आकृती पाठवते. सगळ्यांचे मनापासून आभार.