घरी केस रंगवायचे तर डेव्हलपर हवा की नको?

कोथरूडकर (धागाकर्ती)

पुण्यात बोहरी आळीत किंवा तुळशीबागेत कलरची ट्यूब सुटी मिळते, डेव्हलपरची बाटली वेगळी घ्यावी लागते. मग प्रश्न ठरलेला: डेव्हलपर म्हणजे केमिकल, तो टाळून ट्यूब खोबरेल तेलात, दह्यात नाहीतर कंडिशनरमध्ये कालवून लावली तर?

कृपा करून असं करू नका. ट्यूबमधून निघणारी क्रीम पांढरट असते, कारण रंग अजून तयारच झालेला नसतो. तिच्यात पीपीडी (पॅराफेनिलीनडायअमाइन, रंग घडवणारं रसायन) किंवा तिच्या जातकुळीतले छोटे, बिनरंगाचे रेणू असतात. अमोनियामुळे केसावरचं खवल्यांचं आवरण फुगतं, हे रेणू आत शिरतात आणि डेव्हलपरमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड त्यांना जोडून मोठे रंगीत रेणू बनवतं. मोठे झाले की ते बाहेर निसटत नाहीत, म्हणून रंग टिकतो. डेव्हलपर वगळला तर नुसत्या हवेवर थोडाफार रंग येतो, पण ठिगळासारखा, आणि तोही भराभर धुऊन जातो. ट्यूबच्या तोंडाशी सुकलेली क्रीम तपकिरी पडते ना, तेवढंच. शिवाय न जोडली गेलेली पीपीडी टाळूवर तशीच बसून राहते, आणि अ‍ॅलर्जी उठवणारी खरी चीज तीच.

आता माझं मत. ट्यूब डेव्हलपरशिवाय लावायची नाही, आणि डेव्हलपर घरी आणायचा नाही. घरी मेंदी आणि नीळ, बस्स. आपले केस मुळात काळे, फक्त पांढरे झाकायचेत. त्यासाठी केसातला मूळ रंग पेरॉक्साइडनं उडवायची गरजच काय?

खांद्यापर्यंतच्या केसांना १०० ग्रॅम मेंदी. तलम कापडातून चाळून घ्या, चार चमचे लिंबाचा रस आणि कोमट पाणी घालून घट्ट दह्याइतकी भिजवा. एप्रिल-मेच्या पुण्यात पाच-सहा तासांत रंग सुटतो, डिसेंबरात रात्रभर ठेवावी लागते. वरचा थर तपकिरी, आत बोट घातलं तर हिरवट, आणि तळहातावर पाच मिनिटं ठेवलेला ठिपका नारिंगी डाग सोडतो: झाली तयार. स्वच्छ धुतलेल्या, तेल नसलेल्या केसांना लावा, तीन तास ठेवा, नुसत्या पाण्यानं धुवा. त्यानंतर १०० ग्रॅम निळीच्या पाल्याची पूड आणि चिमूटभर मीठ कोमट पाण्यात कालवा, दहा-पंधरा मिनिटं थांबा आणि लगेच लावा. हिच्यात लिंबू नको आणि ही रात्रभर भिजवायचीही नाही, भिजवली तर रंग भांड्यातच मरतो. दीड तासानं धुवा. केस आधी हिरवट-निळसर दिसतील, घाबरू नका. हवेवर दोन दिवसांत काळे होतात. तोवर शाम्पू नको.

कपड्यांची नीळ वेगळी, ती डोक्याला चुकूनही लावू नका. काष्ठौषधीच्या दुकानात मागताना ‘केसांसाठी निळीचा पाला’ असं स्पष्ट सांगा.

डेक्कन_वीसव्हॉल्यूम

ट्यूबबद्दल शंभर टक्के सहमत. पुढच्या मताला मात्र ठाम विरोध.

डेव्हलपरची उगाच भीती घातली जाते. १० व्हॉल्यूम म्हणजे ३ टक्के पेरॉक्साइड, २० म्हणजे ६, ३० म्हणजे ९, ४० म्हणजे १२. पांढरे झाकायला २० पुरतो, ३० आणि ४० घरी आणायचेच नाहीत. तुमची कृती बघा: मेंदी भिजवण्यापासून शेवटच्या धुण्यापर्यंत आख्खा दिवस, वर दोन दिवस शाम्पू बंद. नोकरी करणाऱ्या बाईनं दर तीन आठवड्यांनी हे कसं करायचं? ट्यूबचं काम दीड तासात होतं.

घरी रंग बिघडतो तो बहुतेक मापाच्या चुकीनं. पाकिटावर १:१ लिहिलंय की १:१.५, ते वाचा आणि स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजा. फक्त मुळांना ३० ग्रॅम क्रीमला ३० ते ४५ मिली डेव्हलपर लागतो. डेव्हलपर जास्त पडला तर मिश्रण पातळ होऊन कपाळावर ओघळतं आणि पांढरे अर्धवट झाकले जातात. कमी पडला तर रंग नीट तयार होत नाही.

दुसरी चूक शेडची. पॉइंटआधीचा आकडा गडदपणाचा, १ म्हणजे काळा. पॉइंटनंतरचा झाकेचा, ३ म्हणजे सोनेरी, ० म्हणजे वेगळी झाक नाही. ५.३ नुसती लावली तर पांढरे केस पिवळट सोनेरी दिसतात, कारण झाकेला खालून आधार नसतो. अर्धी ५.० घाला, मग पांढरे दबतात.

तिसरी चूक घाईची. २० मिनिटांत धुतलं की रेणू अर्धवट जोडलेले राहतात आणि आठवड्याभरात तांबूस छटा डोकावते. सगळं लावून झाल्यावर घड्याळ लावा, ३५ मिनिटं. सुरुवात कानशिलं आणि कपाळाकडून, कारण तिथले पांढरे सगळ्यात हट्टी. अर्ध्या सेंटिमीटरच्या बटा घ्या, कपाळाच्या कडेनं आधी व्हॅसलीन. धुण्याआधी थोडं पाणी घेऊन टाळूवर बोटांनी हलकं चोळा, कातडीवरचे डाग सुटतात. दर वेळी टोकांपर्यंत रंग ओढू नका. टोकं थरावर थर बसून कोळशासारखी आणि खरखरीत होतात.

भांडं प्लास्टिकचं किंवा काचेचं. उरलेलं मिश्रण बंद डबीत ठेवायचं नाही, आत वायू साठून झाकण उडतं.

औंध_रसायन

दोघांनीही एक पाकीट वगळलंय, आणि पुण्यातल्या घरांत सगळ्यात जास्त वापर त्याचाच असावा: पाण्यात कालवायची ‘काळी मेंदी’.

‘डेव्हलपर नाही, नुसतं पाणी’ असं म्हणून ती विकली जाते. पण अर्ध्या-पाऊण तासात केस काळेभोर करणारी कुठलीही पूड निव्वळ मेंदी नसते. मेंदीतला रंग लॉसोन, तो नारिंगी-लालच. काळं करायला तिच्यात पीपीडी घालतात आणि डेव्हलपरचं काम करायला बेरियम पेरॉक्साइड किंवा सोडियम परबोरेटसारखी पूड. पाणी पडलं की तीच प्रक्रिया सुरू होते. डेव्हलपर आहेच, फक्त बाटलीत नाही. आणि मेंदी समजून लोक दोन-तीन तास डोक्यावर ठेवतात, ग्लोव्हज न घालता हातानं लावतात. हे ट्यूबपेक्षा धोक्याचं आहे.

पीपीडी असलेल्या केशरंगावर ‘आधी चाचणी घ्या, भुवया-पापण्यांना लावू नका, अंधत्व येऊ शकतं’ अशा आशयाचा इशारा इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. पाकिटावर हा इशारा दिसला की समजा, हिरवं पान छापलेलं असलं तरी आत डाय आहे.

‘अमोनिया फ्री’चंही तसंच. वास नाही म्हणजे अल्कली (खवले फुगवणारा क्षार) नाही असं नव्हे. अमोनियाच्या जागी मोनोइथेनॉलअमाइन असतं. ते उडून जात नाही म्हणून वास येत नाही, पण त्यामुळेच केसात रेंगाळतं, नीट धुवावं लागतं. पीपीडी बहुधा तिथेही असते.

कोथरूडकर

औंध_रसायन, हा मुद्दा माझ्याकडून राहिला होता, बरं झालं मांडलात.

डेक्कन, वेळेचं मान्य, पण जोखमीचं काय? पेरॉक्साइडनं केसातला मूळ रंग, म्हणजे मेलॅनिन, प्रत्येक वेळी थोडा जातो. मुळांना लावलेला रंग खाली ओघळतो, आधी रंगवलेल्या भागाला पुन्हा अल्कली बसते, खवले पुन्हा उघडतात. मेंदीतलं लॉसोन केसातल्या केराटिन या प्रथिनाला चिकटतं, केस फोडत नाही. पाच-सहा वर्षांच्या हिशेबात हा फरक मोठा आहे. आणि रोज ऑफिसला जाणाऱ्यांनी मेंदी शनिवारी, नीळ रविवारी करावी, कुठे अडतंय?

डेक्कन_वीसव्हॉल्यूम

अडतं निळीवर. कानशिलांवर निळीचा पहिला हात बहुतेकदा अर्धाच बसतो, राखाडी-तपकिरी रंग येतो, पुन्हा लावावी लागते. आणि बाजारातली निळीची पूड जुनी असेल तर कितीही ठेवा, नुसते लाल केस.

मोठी अडचण वेगळीच. पुढे कुणाला ब्राऊन किंवा हायलाइट्स हवे झाले तर? नीळ चढलेल्या केसांवर ब्लीच टाकलं की हिरवा रंग निघतो, काढता काढता केस जातात. ट्यूबच्या काळ्या रंगावर फिकी ट्यूब लावूनही काही होत नाही हे खरं, कारण कलर कलरला उचलत नाही. पण तो पार्लरमध्ये उतरवता तरी येतो. निळीचा रस्ता एकेरी आहे, हे मेंदीवाल्यांनी आधी सांगायला हवं.

केस झिजण्याचा आरोप मात्र अर्धाच खरा. मुळं महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. तेवढीच रंगवली, रंगाच्या हद्दीपाशी ब्रश थांबवला, तर कुठल्याही भागाला अल्कली एकदाच बसते.

वाघोली_टँकर

पाण्याबद्दल कुणीच बोललं नाही, आणि भांडणाचं निम्मं कारण तेच असतं. खडकवासल्याचं पाणी येणाऱ्या पेठांत आणि बोअर-टँकरवर चालणाऱ्या सोसायट्यांत एकाच पाकिटाचा निकाल वेगळा येतो. कठीण पाण्यातलं कॅल्शियम केसांवर थर धरतं, त्यावर ना मेंदी नीट चढते ना कलर. बादलीत साबण फेसाळत नसेल तर मेंदी पिण्याच्या आरओ फिल्टरच्या पाण्यात भिजवा. आदल्या दिवशी एक लिटर पाण्यात दोन चमचे व्हिनेगर घालून केसांवरून ओता, पाच मिनिटांनी धुवून टाका.

दुसरी गोष्ट लोखंडी कढईची. मेंदी रात्रभर कढईत, चहाच्या पाण्यात, हे घरोघरी चालतं. रंग गडद होतो खरा, कारण चहातलं टॅनिन आणि मेंदीतलं लॉसोन लोखंडाला धरतात. पण ते लोह केसांतही जातं. पुढच्या महिन्यात त्याच डोक्यावर डेव्हलपर गेला तर लोह पेरॉक्साइडला झपाट्यानं फोडतं, केस गरम होतो, तुटतो. मेंदीवर डेव्हलपर चालतो की नाही हा वाद त्यामुळेच संपत नाही. शुद्ध मेंदीवर ट्यूब चालते. कढईतल्या मेंदीवर, किंवा धातूचे क्षार घातलेल्या भेसळ मेंदीवर, चालत नाही. पुढे कधी ट्यूब लावायची शक्यता असेल तर मेंदी काचेच्या नाहीतर चिनीमातीच्या भांड्यात भिजवा.

कोथरूडकर

कढईची सूचना मनापासून मान्य. वर कृतीत भांडं लिहिलं नव्हतं, ती माझी चूक. काचेचं वाचावं.

एकेरी रस्त्याचंही मान्य करते, आणि यापुढे सांगताना आधी तेच सांगेन. पण ज्यांना काळ्यावरून दुसरीकडे जायचंच नाही, अशांची संख्या आपल्याकडे मोठी आहे. त्यांच्यासाठी माझं मत बदलत नाही.

औंध_रसायन

मधला रस्ता विचारणाऱ्यांसाठी: डेव्हलपर लागत नाही असा तयार कलर खरंच मिळतो, सेमी-पर्मनंट. त्यात तयार रंगीत रेणूच असतात, ते वरच्या थरांत अडकतात आणि चार ते आठ धुण्यांत जातात. तो काळ्या केसावर जवळजवळ दिसत नाही आणि पांढऱ्यांना नुसती झाक देतो. डोक्यावर दहा-बारा पांढरे असतील तर पुरे, निम्मं डोकं पांढरं असेल तर पैसे वाया. डेमी-पर्मनंट त्याच्या पुढची पायरी, सौम्य डेव्हलपरवर चालणारी, साधारण वीस-पंचवीस धुणी टिकणारी. पहिल्यांदा डेव्हलपर वापरणाऱ्यानं तिथून सुरुवात करावी असं मला वाटतं. चुकलं तरी दोन-तीन महिन्यांत निघून जातं.

दोन चाचण्या मात्र कुठलाही पक्ष घेतलात तरी करा.

पहिली कातडीची. पाकिटावर सांगितलंय तसं मिश्रण करून कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे नाण्याएवढा ठिपका लावा आणि ४८ तास बघा. पीपीडीची अ‍ॅलर्जी उशिरा उठते, अर्ध्या तासात काही झालं नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. आधी पाच वेळा लावला तेव्हा काही झालं नाही, हाही पुरावा नव्हे, ही अ‍ॅलर्जी वापरता वापरता जडते. हातावर काळ्या मेंदीची नक्षी काढून कधी फोड आले असतील तर पीपीडीवाल्या कुठल्याही रंगाचा विचारच सोडा. जी-सिक्स-पीडी (तांबड्या रक्तपेशी जपणारं एन्झाइम) कमी असलेल्यांनी मात्र मेंदीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये.

दुसरी केसाची, कारण आधी डोक्याला काय लागलंय हे बहुतेकांना ठाऊक नसतं. कंगव्यात आलेले वीस-पंचवीस केस दोऱ्यानं बांधा. काचेच्या वाटीत २० व्हॉल्यूम डेव्हलपरचे २० भाग आणि अमोनियाचा १ भाग घ्या, खिडकी उघडी ठेवा, हातात ग्लोव्हज. केस अर्धा तास बुडवून ठेवा. थोडे फिके झाले तर ठीक. वाटी बाहेरून गरम लागली, बुडबुडे उसळले, केस ओढल्यावर चिंगमसारखा ताणला गेला किंवा भलताच रंग दिसला तर त्यात धातू आहे. तो भाग वाढून कापला जाईपर्यंत डेव्हलपर नाही.

डेक्कन_वीसव्हॉल्यूम

या चाचणीला माझं पूर्ण अनुमोदन. एक भर: केस फक्त टोकाकडचे घेऊ नका. मुळाजवळचा, मधला आणि टोकाचा, तिन्ही ठिकाणचे तुकडे वेगवेगळे बांधा. दोन वर्षांपूर्वीची कढईतली मेंदी टोकांत असते आणि मुळं स्वच्छ असतात. अशा डोक्याला नुसता रूट टचअप चालतो, टोकांना डेव्हलपर लागू द्यायचा नाही. धुताना डोकं मागे टाकून नळाखाली धरलं तर मिश्रण सगळ्या लांबीवरून वाहतं. टोकांना आधी कंडिशनर चोपडा, वर प्लास्टिकची पिशवी गुंडाळा, मुळं हातानं पाणी घेऊन धुवा, आणि पिशवी शेवटी काढा.