मदत हवी आहे: जुन्या डिझेल ट्रकच्या इंधनपुरवठ्यात जादा इलेक्ट्रिक पंप बसवावा का?

नमस्कार. आमचा टाटा एलपीटी १६१३ हा २००६ सालचा सहा चाकी ट्रक आहे. इंजिन ६९७ टर्बो, सहा सिलिंडरचे, आणि डिझेल पंप जुन्या पद्धतीचा, म्हणजे पूर्णपणे यांत्रिक इनलाइन. जालन्याहून लोखंडी सळई लातूरला आणणे आणि जाताना मिळेल तो भुसार माल नेणे, हा आमचा नेहमीचा धंदा आहे.

गेल्या दोन महिन्यांपासून भरलेली गाडी बीड सोडून पालीच्या पुढे मांजरसुंब्याच्या घाटाला लागली की निम्म्या चढावर इंजिन ओढ सोडते. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असतानाही आवाज बसत जातो आणि शेवटी पहिल्या गिअरवर रांगावे लागते. धूर मात्र काळा होत नाही. हवा कमी पडत असती, म्हणजे एअर फिल्टर तुंबला असता किंवा टर्बोने मान टाकली असती, तर काळा धूर निघाला असता. त्यावरून इंजिनाला डिझेलच पुरत नाही, असा माझा अंदाज आहे. शिवाय गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी हँड प्रायमर, म्हणजे लाइनमध्ये डिझेल भरायचा हातपंप, वीस-पंचवीस वेळा मारल्याशिवाय सुरू होत नाही.

आतापर्यंत दोन्ही डिझेल फिल्टर बदलले, फीड पंपाची (टाकीतून डिझेल ओढून मोठ्या डिझेल पंपाला देणाऱ्या छोट्या पंपाची) जाळी साफ करून त्यात नवा किट टाकला आणि सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे सहाही नोझल तपासून घेतले. फरक पडला नाही. एका गॅरेजमध्ये तर पंपाचे सील तोडून डिझेल वाढवण्याचा सल्ला मिळाला, तो मी मानला नाही. डिझेल जिथे पंपापर्यंतच पोचत नाही, तिथे पंपाचा स्क्रू फिरवून ते येणार कुठून? आणि पोचू लागले की तेच वाढीव डिझेल धूर करणार, पिस्टन तापवणार आणि पीयूसीला गाडी अडवणार. दुसऱ्या मिस्त्रींनी टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप बसवून फीड पंपापर्यंतचा पाइप जाड करण्यास सुचवले असून हे मला त्यातल्या त्यात पटते. मात्र असा पंप लावल्यास फीड पंपावर जादा दाब येईल का, उरलेले डिझेल टाकीत परत नेणारी रिटर्नची लाइन तशीच ठेवावी का, आणि वाटेत तो पंप बंद पडला तर गाडी जागेवर उभी राहील का, हे जाणकारांनी सांगावे.

एक गोष्ट सांगायची राहिली. टाकी गच्च भरलेली असताना हे दोन्ही त्रास जवळजवळ होत नाहीत. टाकी निम्म्याखाली गेली की सुरू होतात. याला महत्त्व आहे की नाही, मला ठाऊक नाही.

प्रतिसाद

शेवटी लिहिलेली गोष्ट आपण सर्वांत आधी लिहायला हवी होती. मी परभणीत बरीच वर्षे डिझेल पंपांचे काम केले आहे. इतके वर्णन वाचल्यावर मी पंपाला हात लावण्याआधी टाकीतला पाइप बाहेर काढून पाहिला असता.

टाकी ते फीड पंप हा भाग ओढीचा असतो, दाबाचा नसतो. त्यामुळे तिथे बारीक फट पडली तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते, आणि जमिनीवर थेंबही नसल्याने माणूस भलतीकडेच शोधत बसतो. हवा दाबली जाते, डिझेल जवळजवळ दाबले जात नाही. म्हणून पंपात हवा शिरली की नोझल उघडण्याइतका दाब तयार होत नाही आणि गाडी ओढ सोडते. टाकीत उतरणारा पाइप मध्येच गंजून भोक पडले असेल, तर पातळी त्या भोकाच्या वर असेतो सगळे ठीक चालते. पातळी खाली गेली की तेच भोक हवा ओढते. रात्री त्याच वाटेने हवा शिरून लाइनमधले डिझेल टाकीत उतरते आणि सकाळी आपला हात दुखतो. फीड पंपाच्या अलीकडे वीतभर पारदर्शक नळी जोडून, टाकी निम्म्याखाली असताना गाडी जोरात रेस करून पाहावी. बुडबुडे दिसले तर पाइप काढून पाहावा आणि पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे (बँजो बोल्टचे) तांब्याचे वायसर नवे टाकावेत.

इलेक्ट्रिक पंप बसवणे चूक नाही, पण हवेची फट तशीच ठेवून तो लावला तर तो रोग झाकील. बसवायचाच झाला तर कमी दाबाचा घ्यावा आणि त्याच्या बाजूने एकदिशा व्हॉल्व्ह असलेली समांतर वाट ठेवावी, म्हणजे तो बंद पडला तरी फीड पंप स्वतः डिझेल ओढू शकेल. जास्त दाबाचा पंप लावल्यास फीड पंपाच्या दांड्याजवळून डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरण्याचा धोका असतो. म्हणून नंतर काही दिवस ऑइलची पट्टी रोज पाहावी, आणि पातळी वाढलेली दिसली तर गाडी चालवू नये. रिटर्नची लाइन कोणत्याही परिस्थितीत बंद करू नये, कारण पंपात आलेली हवा आणि उष्णता तिच्यातूनच बाहेर जाते.

मूळ प्रश्नकर्त्याचे उत्तर

आपला मनापासून आभारी आहे. पारदर्शक नळीत बुडबुड्यांची माळच दिसली. टाकीतला पाइप काढला, तेव्हा वरून साधारण वीतभर अंतरावर टाचणीच्या डोक्याएवढे भोक सापडले. नवा पाइप आणि वायसर टाकल्यापासून गाडी सकाळी एका स्टार्टरमध्ये सुरू होते. सळईचा लोड परवा मिळणार आहे; टाकी मुद्दाम निम्म्याखाली ठेवून घाट चढतो आणि काय झाले ते इथेच लिहितो. टाकीच्या तळाशी गंज आणि थोडे पाणीही निघाले, त्यामुळे इलेक्ट्रिक पंपाऐवजी आता पाणी वेगळे करणारा फिल्टर बसवावा असे वाटते. तो फीड पंपाच्या अलीकडे बसवला तर ओढीवर ताण येईल का, एवढे कृपया सांगावे.