नववी-दहावीचं इंग्रजी: तुमच्या घरी अभ्यास कसा चालतो? (ठाणे-नवी मुंबई)

गणित-विज्ञानाला क्लास लागतो आणि इंग्रजी 'होईल आपोआप' म्हणून मागे पडतं. सहामाही आली की मग धावपळ. कृतिपत्रिकेत (म्हणजे आताच्या प्रश्नपत्रिकेत) पाठांतर फारसं चालत नाही, मग घरी करायचं तरी काय? आपापले अनुभव लिहा. शाळांची नावं नकोत.

ऐरोली, आई
लेक दहावीत, मराठी माध्यम. पुस्तक 'माय इंग्लिश कोर्सबुक'. गृहपाठ म्हणजे डायजेस्ट उघडं, वही शेजारी आणि समोर मालिका चालू! अक्षर मोत्यासारखं, पण धडा कशावर आहे विचारलं तर गप्प. डायजेस्ट मी माळ्यावर टाकलं. आता ती उतारा मोठ्याने वाचते, त्यावर स्वतः प्रश्न काढते आणि उत्तरं मी द्यायची. माझं इंग्रजी यथातथाच, त्यामुळे तिला चेव येतो. परवा मला दम मिळाला, "आई, 'व्हेअर' विचारलंय ना? मग जागा सांग, अख्खी गोष्ट नको." न पाहिलेला उतारा आला तरी आता बिचकत नाही. वेळ मात्र जातो. कुकरच्या शिट्ट्या मोजत मोजतच उत्तरं द्यावी लागतात.

कळवा, घरी शिकवणी घेते
कवितेच्या रसग्रहणाचं बोलू का? पोरं एकच परिच्छेद घोकून येतात, फक्त कवीचं नाव बदलतात. मी आधी पेन्सिलीने ओळींचे शेवटचे शब्द अधोरेखित करायला लावते, मग ते मोठ्याने म्हणायचे आणि यमक जुळणाऱ्या शब्दांना सारखं अक्षर द्यायचं, ए, बी असं. डोळ्यांवर विसंबलं की फसगत होते. 'लव्ह' आणि 'मूव्ह'चं स्पेलिंग सारखं दिसतं म्हणून लगेच यमक लावून मोकळे!

नौपाडा, आजोबा
नात इंग्रजी माध्यमात, फाडफाड बोलते. लिहिताना मात्र फुलस्टॉपशी वैर. तिला रोज दहा ओळी लिहायला लावतो, विषय तिचाच. बहुतेक वेळा क्रिकेट.

कोपरखैरणे, वडील (मार्केटला कामाला)
पहाटे निघतो, त्यामुळे अभ्यास रविवारीच. चिरंजीवांनी कचऱ्याच्या तक्रारीच्या पत्रात सुरुवातीलाच साहेबांची खुशाली विचारली होती! तेव्हापासून कॉलनीतलेच विषय देतो: बंद पडलेला दिवा, उघडं गटार. काय झालं, कुठे, कधीपासून, काय हवंय, एवढंच लिहायचं. कल्पनेतल्या विषयावर पेन चावत बसायचा, गटारावर पानभर लिहितो.

घणसोली, आता अकरावीत
काकांचं पटलं. एक भर घालतो: लेखी पेपर 80 गुणांचा, वेळ तीन तास. मुलं उताऱ्यांत रमतात आणि लेखनाचे प्रश्न शेवटी खरडतात. सुट्टीच्या दिवशी घड्याळ लावून अख्खी कृतिपत्रिका हाताने लिहा, मोबाईल दुसऱ्या खोलीत. तोंडीची तयारी मी आणि मित्र ठाण्याच्या गाडीत करायचो, लोक बघायचे, बघू दे. सोडवलेल्या कृतिपत्रिकांचा गठ्ठा पडून आहे. कुणाला हवा असेल तर सांगा, शनिवारी स्टेशनबाहेर देतो.