.३०८ : पाच वेळा भरलेल्या पुंगळ्यांवर चकचकीत वळं आणि नेकला चिरा

मापात_माप
.३०८ विंचेस्टर काडतुसाची रायफल, बोल्ट ॲक्शन (बोल्ट हाताने मागे-पुढे करायचा). एकाच लॉटच्या पुंगळ्या (काडतुसाची पितळी कवचं), प्रत्येक पाच वेळा भरलेली. काहींवर बुडापासून साधारण ५ मिमीवर चकचकीत वळं उमटलंय, दोघींच्या नेकला (बुलेट धरणाऱ्या अरुंद तोंडाला) उभी चीर आहे. दर वेळी फुल-लेंग्थ साइझिंग (पूर्ण पुंगळी डायमध्ये, म्हणजे साच्यात, दाबून मापात आणणं), डाय शेलहोल्डरला (पुंगळीचं बूड धरणाऱ्या भागाला) टेकवून आणखी पाव फेरा खाली. पावडर मॅन्युअलच्या कमाल मर्यादेच्या आतच. ब्रास खराब आहे का?

पितळ_उघडं
आजार दोन आहेत, औषधंही दोन.

वळ्याचा संशय त्या पाव फेऱ्यावर. डायला इंचाला १४ आटे, म्हणजे पूर्ण फेरा १.८१ मिमी आणि पाव फेरा ०.४५ मिमी. त्यातला काही भाग प्रेसच्या (डाय बसवलेल्या दाबयंत्राच्या) लवचिकतेत जातो, तरी उरलेला शोल्डरला (नेकखालच्या उताराला) गरजेपेक्षा बराच मागे ढकलू शकतो. मग बार उडाला की पुंगळीची पातळ भिंत चेंबरला (रायफलीत काडतूस बसतं त्या पोकळीला) चिकटते, जाड बूड मात्र बोल्टला टेकेपर्यंत मागे सरकतं. ताण पडतो तो नेमका जाडी बदलते तिथे. दर वेळी तेवढंच. शेवटी बूड तुटून हाती येतं आणि तापलेला गॅस मागे फुटू शकतो.

पण वळं दिसलं म्हणजे तडा गेलाच असं नाही. डाय जिथवर पोचते तिथेही खूण उठते. बारीक तारेचं टोक काटकोनात वाकवून टोकदार करा, आतून बुडापासून वर ओढा. खाच लागली तर तार अडकते.

चिमटा
नेकच्या चिरा वारंवार दाबून-फुगवून ब्रास कडक झाल्यामुळे. एक्स्पांडर बॉल (नेक आतून फुगवणारा डायमधला गोळा) कोरडा ओढला जात असेल तर आणखी लवकर. ॲनीलिंग (तापवून मऊ करणं) करा, पण नेक आणि शोल्डरच. लालभडक होईपर्यंत तापवायचा सल्ला सर्रास दिला जातो, तो ऐकू नका. तापमानदर्शक (ठरावीक तापमानाला वितळणाऱ्या) लाखेने सुमारे ४०० अंश सेल्सिअस धरा, ज्योतीत काही सेकंद पुरतात. बूड तापून मऊ झालं तर ती पुंगळी गेली, पुन्हा कडक करता येत नाही. आणि अमोनिया असलेलं पॉलिश ब्रासला लावू नका, ताणाखालचं पितळ त्याने तडकतं.

मापात_माप
तार तिघींत अडकली. एक उभी कापली, आत स्पष्ट खाच आहे. बाकीच्या चालतील?

पितळ_उघडं
नाही. वापर सारखा, ताण सारखा, सगळा लॉट बाद. तोंड पक्कडीने चेपून टाका, म्हणजे चुकून पुन्हा डब्यात जाणार नाहीत.

नव्या लॉटला उडवलेल्या पुंगळीचा प्रायमर (बुडातली पेटवणारी टिकली) आधी काढा (बाहेर आलेला असेल तर माप चुकतं), मग कॅलिपरला कम्पॅरेटर (शोल्डरवर टेकणारा जोड) लावून बूड ते शोल्डर मोजा. डाय थोडी वर घेऊन सुरू करा आणि साइझिंगनंतर शोल्डर ०.०३ ते ०.०५ मिमीच मागे येईल इतकी हळूहळू खाली आणा. दहा अंश फिरवलं की ०.०५ मिमी. लॉक रिंग घट्ट केल्यावर पुन्हा मोजा, तिथेच सेटिंग हलतं.

चिमटा
लांबीही बघा. कमाल ५१.१८ मिमी, ट्रिम ५०.९३ला. नेक लांब झाली तर चेंबरच्या तोंडाशी बुलेटवर आवळते आणि दाब चढतो.