फ्लोरा फाउंटनचा गोळीबार: सरकारातलं कुणी बोललं होतं का?

लालबागची सून:
परवा लेकीला घेऊन हुतात्मा चौकात गेले होते. ती अकरा वर्षांची आहे. माझे आजेसासरे गिरणीत साचेवाले होते. २१ नोव्हेंबर १९५५ ला संप झाला, तेव्हा तेही फ्लोरा फाउंटनला गेले. मुंबई महाराष्ट्राला द्या म्हणून लोक विधिमंडळाकडे निघाले होते. जमावबंदी होती. पोलिसांनी गोळ्या झाडल्या, १५ माणसं गेली. आजोबांनी शेजारच्या खोलीतल्या पोराला सोबत नेलं होतं, परत आले ते एकटेच. त्याच्या आईला सांगायचं म्हणून चाळीचा जिना चढवेना त्यांना, असं सासूबाई सांगतात.

लेकीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग सरकारमधलं कुणीच नाही का म्हणालं, की हे चुकलं?" अत्रे, डांगे, एसेम मला ठाऊक आहेत, पण ते तर विरोधातलेच. आतलं कुणी होतं का?

महाडचे मास्तर:
ताई, होते. चिंतामणराव देशमुख, आमच्या महाडजवळच्या नाते गावचे. तेव्हा ते देशाचे अर्थमंत्री होते. त्याआधी रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. आयसीएस माणूस, आयुष्य फायलींत गेलेलं, मोर्चात घोषणा देणाऱ्यांतला नव्हे. म्हणून तर मला त्यांचं मोल अधिक वाटतं.

जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्राकडे ठेवायचं जाहीर झालं. शहर पेटलं, पुन्हा गोळीबार, आणि या वेळी नोव्हेंबरपेक्षा कितीतरी जास्त माणसं मेली. देशमुखांनी राजीनामा दिला. जुलैत पद सोडताना लोकसभेत उभं राहून ते नेहरूंच्या समोर बोलले. मुंबईचा निर्णय मंत्रिमंडळाला न विचारता झाला, ही एक तक्रार. नेहरूंना ती मान्य नव्हती. दुसरी गोळीबाराची. त्यांनी मागितलं होतं ते किती साधं बघा: न्यायालयीन चौकशी. गोळी चालवायची वेळ खरोखर आली होती का, एवढं न्यायाधीशानं तपासावं.

गिरगावकर:
दगडफेकही झाली होती, हेही मुलीला सांगा. जानेवारीत गुजराती दुकानदारांना त्रास झाला. सगळेच काही हात जोडून उभे नव्हते.

महाडचे मास्तर:
जरूर सांगा, लपवू नका. दुकान फोडणं वाईटच. पण दगड मारणाऱ्याला धरायला कायदा होता, तुरुंग होता. ज्याच्या हातात काहीच नव्हतं तो कशानं मेला? गोळी कुणी झाडायला लावली, आधी इशारा दिला होता का? चौकशीशिवाय हे कळणार कसं? मी चाळीस वर्षं वर्गात उभा राहिलो. चार पोरांनी गोंधळ घातला म्हणून सगळ्या बाकांवर छडी चालवणाऱ्याला आम्ही मास्तर म्हणत नाही.

लालबागची सून:
मास्तर, रात्री तिला तुमचं सगळं वाचून दाखवलं. दगडांचंही सांगितलं, गिरगावकर. तिनं लगेच विचारलं, "मग झाली का चौकशी?" नेहरूंनी मागणी मान्य केली नाही, म्हटलं.

सासूबाई भाजी निवडत ऐकत होत्या. म्हणाल्या, "त्याची आई मरेपर्यंत जिन्यात बसून हेच विचारायची. माझं पोरगं असं काय करत होतं, एवढं तरी कुणी सांगा."